खरजेचा माग

१

काळाचौकीच्या लक्ष्मीदास चाळीच्या चौकात बुधवारी सकाळी साडेनऊला मासळीचा सडा पडला होता. मांदेली, बोंबील आणि एक चांगली हातभर सुरमई. चाळीतल्या मांजरांचं नशीब उघडलं होतं, पण तीही जपूनच पुढे सरकत होती, कारण मासळीच्या मधोमध चंपा उभी होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. तिची पाटी जिन्यापाशी उलटी पडली होती. कुणीतरी लाथ मारून पाटीचा काठ मोडला होता. शेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं, ‘खरूजवाल्या कोळणीला चाळ बंद.’

खांद्याला औषधाची पिशवी लावून सुभद्रा कासारे चौकात शिरली आणि जागच्या जागी थांबली. ती म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नर्स होती. चाळीत सगळे तिला सिस्टर म्हणायचे. गेले दोन महिने ती एकाच गोष्टीच्या मागे हात धुवून लागली होती. कुठून आली कोण जाणे, पण एक चिवट खरूज काळाचौकीपासून पार शीवपर्यंत घरं धरत चालली होती.

"माज्या अंगावर एक पुळी दाखव, मंग बोल!" चंपा चाळ कमिटीच्या सीताराम परबांवर ओरडत होती. "सत्रा वर्सं येते मी हितं. तुज्या पोराच्या लग्नाची पापलेटं मी आनली व्हती!"

सीताराम एरवी असा माणूस नव्हता. संपात सगळ्यात पुढे उभा राहणारा आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर हजर होणारा तो कामगार होता. पण आज त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"सिस्टर, तुम्ही मध्ये पडू नका," तो म्हणाला. "माझा नातू चार दिवस हॉस्पिटलात आहे. खरजेचे फोड पिकले, आता अंग सुजलंय पोराचं. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडावर गेलंय. तीन महिन्यांचं पोर हो ते! आणि हिची पाटी जिथे टेकते तिथे खाज, हे मी म्हणत नाही. तुमचा नकाशा म्हणतो."

सुभद्राला चटका बसला. दवाखान्यातल्या भिंतीवर तिने मुंबईचा नकाशा लावला होता आणि खरूज निघालेल्या प्रत्येक इमारतीवर एक टाचणी टोचली होती. सोमवारी सीताराम नातवाच्या उपचाराचा कागद न्यायला आला तेव्हा त्या नकाशासमोर बराच वेळ उभा होता. टाचण्या भाऊच्या धक्क्याच्या बाजूने निघून काळाचौकी, लालबाग, परळ, दादर, माटुंगा करत शीवला पोचत होत्या. चंपा रोज पहाटे धक्क्यावर मासळी घेऊन शीव कोळीवाड्यातल्या आपल्या घराकडे विकत विकत जायची, तोच हा रस्ता. लहान मुलालाही कळलं असतं.

"रविवारी कमिटीची सभा आहे," सीताराम म्हणाला. "लालबाग-परळच्या चाळींनाही कळवणार. हिची फेरी बंद."

"माज्या घरात तीन तोंडं हायत," चंपा एकदम खालच्या आवाजात म्हणाली. तिच्या ओरडण्यापेक्षा ते ऐकणं जड होतं.

"रविवारपर्यंत थांबा," सुभद्रा म्हणाली. "खरूज कुठून आली ते मी शोधून काढते. चंपाकडून आली असली तर तेही मीच सांगेन, सगळ्यांसमोर."

सीतारामने मान डोलावली. चंपा मात्र वळून तिच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे तुला पन तसंच वाटतंय?" तिने विचारलं.

२

खरजेचं एक वाईट असतं. तिने कुणी पटकन मरत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. पटकी आली तर साहेब लोक गाड्यांतून धावतात. खरूज आली तर लोशनची बाटली हातात देतात आणि पुढच्याला हाक मारतात. दवाखान्याचे मोठे डॉक्टरही सुभद्राच्या नकाशाला हसले होते. ‘खाजेचे कसले नकाशे काढता, सिस्टर?’ तिने ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशाने टाचण्यांची डबी आणली होती.

आता त्याच टाचण्यांनी एका बाईचा घात केला होता. सुभद्रा दुपारभर नकाशासमोर बसली. नऊ टाचण्या. काळाचौकीत तीन, लालबागला दोन, परळ, दादर, माटुंगा आणि शीवला एकेक.

चंपा समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. सुभद्राने तिचे हात उजेडात धरले. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपर, सगळं बारकाईने पाहिलं. खरजेचा किडा आधी बोटांच्या बेचकीत घर करतो. चंपाच्या बेचक्या स्वच्छ होत्या.

"काय काय विकतेस तू?"

"मांदेली, बोंबील, कोलंबी. मिळाली तर सुरमय. पावसाळ्यात सुकं."

"आणखी काही?"

"आनि काय इकू? सोनं?"

"लोकांच्या घरात जातेस?"

"दारापत्तुर. कोलनीला आत कोन घेतंय?"

चंपा गेल्यावर सुभद्राने दुसरा धागा धरला. चाळीच्या खालच्या अंगाला रामजीचं सलून होतं. एकच टॉवेल सकाळपासून रात्रीपर्यंत वीस गळ्यांना गुंडाळणारा हा माणूस तिच्या मनात पहिल्यापासून होता. ती गेली तेव्हा रामजी एका हाताने गिऱ्हाइकाची दाढी करत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट खाजवत होता.

"खाज आहे, नाही कुठे म्हणतोय मी," तो म्हणाला. "पण सिस्टर, ही मला परबांच्या पोराने दिली. आधी त्याच्या घरी, मग माझ्याकडे. तारीख सांगू? मार्चची वीस. त्याच्या बायकोचा सव्वा महिना नुकताच झाला होता, म्हणून लक्षात आहे."

"आणि तुमचा टॉवेल?"

"रोज धुतो," रामजी म्हणाला. गिऱ्हाईक फेसातूनच हसलं.

रामजीचा टॉवेल उकळून काढायला सांगून सुभद्रा परत फिरली. त्याच्यावर तिचा राग होता, पण संशय टिकला नाही. माटुंग्याची टाचणी आड येत होती. त्या घरात एकही पुरुष नव्हता. राधाबाई केळकर या निवृत्त शिक्षिका, त्यांची बाळंतपणाला आलेली मुलगी आणि दीड महिन्याची नात. तिथे दाढी करायची कुणाची?

आणि मग सुभद्रा रस्त्यातच थबकली. केळकरांच्या घरात मासळीचं नावही घेत नाहीत! तिथे चंपाची पाटी टेकायचं कारणच नव्हतं. नऊपैकी एक घर जरी चंपाच्या फेरीबाहेर असलं तरी सीतारामचं म्हणणं कोसळत होतं.

तिला धावत जाऊन चंपाला सांगावंसं वाटलं. ती गेली नाही. आधी खात्री करायला हवी होती.

३

माटुंग्याला जाण्याआधी एक काम राहिलं होतं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर टोकाची एकोणीस नंबरची खोली. तिथल्या काशीबाईला सुभद्राने दोनदा औषध दिलं होतं, दोनदा ती बरी झाली होती आणि दोनदा खरूज परत आली होती. असं दुसऱ्या कुठल्याच घरात झालं नव्हतं. चाळीवर परबांच्या घरामुळे टाचणी आधीच होती, म्हणून काशीबाईची वेगळी टाचणी नव्हती. पहिल्या वेळी सुभद्रा सकाळी दहाला गेली होती, दुसऱ्या वेळी दुपारी तीनला. गुरुवारी ती जिना चढली तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते.

"येवा, बाय," काशीबाई म्हणाली, आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं.

खोलीत मागच्या भिंतीला लागून लोखंडी कॉट होती. कॉटवर काशीबाईचा नवरा विठोबा आधीच्या दोन्ही वेळांसारखाच डोक्यावरून पायापर्यंत चादर ओढून झोपला होता. सुभद्राने चपला दाराबाहेर काढल्या, पिशवी आवाज न करता खाली ठेवली आणि कुजबुजत बोलायला सुरुवात केली. हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ती दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीत वाढली होती. बाप कताई खात्यात. तिसरी पाळी करून तो सकाळी झोपला की आई भांडं वाजू द्यायची नाही. एकदा सुभद्राच्या हातून पितळी तांब्या पडला तर शेजारच्या मावशीनेही येऊन तिचा कान धरला होता. रातपाळीचा माणूस झोपला असला की गिरणगावात देवाची आरतीसुद्धा हळू म्हणायचे.

"परत इली बघा," काशीबाईने हात पुढे केले. बेचक्या लाल झाल्या होत्या. "चार दिस बरा वाटता, मगे परत सुरू."

"औषध सांगितलं तसं लावता ना? मानेपासून पायापर्यंत?"

"होय गो. कपडे पण उकळून काढलंय."

"कुठे जाता-येता? कुणाच्या घरी?"

"मी खय जातंय? घरातच शिवण करतंय." तिने कॉटच्या पायथ्याकडे मान हलवली. तिथे मऊ पांढऱ्या कापडाच्या लहान लहान घड्या एकावर एक रचल्या होत्या. वरच्या घडीत सुई खोचलेली होती.

बोलता बोलता काशीबाई दंड खाजवत होती. तिच्याकडे बघून सुभद्रालाही उगाचच खाजल्यासारखं झालं. खोली शांत होती. खालून कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. चादर जराही हलली नाही.

सुभद्राने तिसरी बाटली दिली आणि पाय न वाजवता बाहेर आली. जिना उतरताना तिला वाटत होतं की आपल्या नजरेतून काहीतरी सुटतंय. पण काय, ते हाताला लागेना.

४

"मासळी?" राधाबाई केळकरांनी कपाळाला हात लावला. "अहो, खालच्या मजल्यावर तळली तरी मी खिडक्या लावते."

सुभद्राला इतकं बरं वाटलं की तिने न मागता मिळालेला चहाही आनंदाने घेतला. पाळण्यात राधाबाईंची नात जागी होती. तिच्या तळपायांवरचे फोड सुकत आले होते. सुभद्राने नेहमीच्या सवयीने गुंडाळलेलं कापड बाजूला सारलं, अंग तपासलं आणि कापड परत गुंडाळायला घेतलं.

तिचे हात थांबले.

दोन महिने ती हेच करत आली होती. नऊ घरांत नऊ लहान मुलं तपासली होती, आणि प्रत्येक वेळी अंग बघायचं म्हणून कापड बाजूला सारलं होतं. कापडाकडे बघितलंच नव्हतं. नऊ घरांत नऊ तान्ही मुलं! घरातल्या मोठ्यांना खाज नंतर सुटली होती. सगळीकडे पहिल्यांदा मूल.

ते दुपटं होतं. जुन्या धोतराचं, चार पदरी, कडेने बारीक धावदोरा. असंच कापड तिने काल संध्याकाळी पाहिलं होतं.

"हे कुठून आणलंत?"

"छान आहे ना? पहिल्या दुपट्याला नवं कापड घालत नाहीत, जुनेरच लागतं. आणि आमच्याकडे धोतर नेसणारं आता कोण उरलंय?" राधाबाई म्हणाल्या. "चंपाने आणून दिलं."

"कोण चंपा?"

"ती कोळीण हो. खालच्या नाईकांकडे मासळी देते. उन्हाची आमच्या जिन्यात टेकते, मी पाणी देते तिला. नात झाली कळल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपटं घेऊन आली. बाई मनाने फार चांगली आहे."

सुभद्राचा उरलेला चहा तसाच राहिला. जे घर चंपाला सोडवणार होतं त्याच घराने तिला पुरती अडकवली होती.

५

शनिवारी दुपारी ती शीव कोळीवाड्यात पोचली. चंपा ओट्यावर बसून जाळ्याची गाठ सोडवत होती. तीन दिवस फेरी नव्हती. घरात चूल पेटल्याची खूण दिसत नव्हती.

"तू मला खोटं का सांगितलंस?" सुभद्राने बसायच्याही आधी विचारलं.

"मी? काय खोटं सांगितलं?"

"दुपटी! घरोघर दुपटी वाटतेस. मी विचारलं होतं, आणखी काय विकतेस."

चंपाने जाळं खाली ठेवलं. तिला खरोखरच राग आला होता. "मंग? दुपटी काय मी इकते? बालंतिनीला दुपटं देऊन कोन पैसं घेल? तू इचारलंस काय इकतेस, मी सांगितलं. काय देतेस ते इचारलंच नाय!"

सुभद्रा ओट्यावर बसली. चूक तिचीच होती.

मग चंपाने सगळं सांगितलं. काशीवैनीच्या नवऱ्याचा पगार संपात गेला तो गेलाच. वैनीला माणसांत जायची लाज. ती घरात बसून जुनेराची दुपटी शिवायची आणि चंपा वाटेवरच्या घरांत कुणाला मूल झालं की त्यातलं एक नेऊन द्यायची. दुपट्याला मासळीचा वास लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून. घरोघरच्या बायका बदल्यात नारळ, तांदूळ, कधी जुनी साडी धाडायच्या. सकाळी घेतलेलं दुपटं दुपारपर्यंत बाळाच्या अंगावर असायचं.

खरजेचा किडा माणसाच्या अंगावरून सुटला की दोन-तीन दिवस जगतो. हे एवढं अंतर त्याला पुष्कळ होतं. आणि प्लॅस्टिकमुळे चंपाच्या बेचक्या स्वच्छ राहिल्या होत्या.

"म्हंजे काशीवैनी?" चंपाने तोंडावर हात ठेवला.

"थांब." सुभद्राने डोळे मिटले. "काशीबाईला मी दोनदा बरी केलीय. ती कपडे उकळते, औषध लावते. तरी पुन्हा होते, म्हणजे तिला कुणीतरी पुन्हा देतंय. त्याच खोलीतलं. मी त्या खोलीत तीनदा गेलेय, चंपा. तपासायला दुसरं कुणी नव्हतंच."

"नव्हतं कसं? भावोजी हायत की."

"ते रातपाळी करून झोपलेले असतात."

चंपा तिच्याकडे बघतच राहिली. "कसली रातपाली ग? मिल बंद पडून तीन वर्सं झाली."

सुभद्राला कानशिलात बसल्यासारखं झालं. मिलची चिमणी तिच्याच खिडकीतून दिसायची. जानेवारी ब्याऐंशीपासून तिच्यातून धूर निघाला नव्हता. संप मिटला असं कुणी अजून जाहीर केलं नव्हतं, आणि मिल उघडेल असंही कुणी आता म्हणत नव्हतं. मग कसली पाळी? चाळीत म्हणायचे, विठोबा कुठेतरी वॉचमनी करतो. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि वॉचमन जरी म्हटला तरी सकाळी दहाला झोपलेला माणूस दुपारी तीनला झोपलेला आणि संध्याकाळी सातलाही झोपलेलाच?

काशीबाई एका शब्दाने खोटं बोलली नव्हती. तिने फक्त ओठांवर बोट ठेवलं होतं. बाकीचं सगळं सुभद्राने स्वतःच मानून घेतलं होतं. बाहेरून आलेल्या एखाद्या शहाण्या डॉक्टरने ती चादर पहिल्याच दिवशी ओढली असती. गिरणीकामगाराच्या पोरीला ते जमणार नव्हतं. तिला स्वतःचा संताप आला.

पण त्याहून मोठी गोष्ट तिला आता दिसली. खरजेच्या घरात झोपलेला माणूस झोपेतही खाजवतो. शुद्धीत असो, बेशुद्ध असो, त्याचे हात गप्प राहत नाहीत. ती चादर तिन्ही वेळा जराही हलली नव्हती.

"चंपा," ती उठत म्हणाली, "विठोबाभाऊंना खाज येत नाही. म्हणूनच ती सगळ्यांना येते."

६

रविवारी सभा दहाला होती. सुभद्रा आठलाच एकोणीस नंबरमध्ये शिरली. काशीबाईचं बोट ओठांकडे गेलं, पण या वेळी सुभद्राने आवाज खाली केला नाही.

"विठोबाभाऊ, मी दवाखान्यातली सुभद्रा. उठा, मला तुमचे हात बघायचेत."

चादर हलली नाही. काशीबाईने दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"मी जागोच आसंय," चादरीखालून आवाज आला. "तीन वर्सां जागोच आसंय."

त्याने चादर काढली. सुभद्राने पुष्कळ खरूज बघितली होती, पण अशी नव्हे. कोपरांवर, गुडघ्यांवर, तळहातांवर भिंतीचा पापुद्रा सुटावा तसे राखाडी खपल्यांचे थर चढले होते. हात लावला की त्यांचा भुगा चादरीवर पडत होता. त्या भुग्यात किडे लाखांनी असतात. आणि पायथ्याशी दुपट्यांच्या घड्या होत्या.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली होती. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना व्रण होता.

"डोळे मिटा," ती म्हणाली. तिने पेनाचं टोक त्याच्या बोटाला टोचलं. "कुठे टोचलं?"

"खय? टोचलास खय?" विठोबा म्हणाला.

तिने आणखी चार ठिकाणी टोचून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. आता तिला सगळं कळलं होतं. खरूज हा वरचा रोग होता. त्याच्या खाली दुसरा, जुना रोग होता. महारोगाने त्याच्या कातडीची जाणीव मेली होती. जाणीव नाही म्हणून खाज नाही, खाज नाही म्हणून तो खाजवत नव्हता, आणि खाजवत नव्हता म्हणून किडे बिनधास्त वाढत गेले होते.

"संपाच्या पयल्याच वर्साक चाय गाळताना हात भाजलो," विठोबा सांगू लागला. "माका कळाकच नाय. तेवाच समाजलंय. आमच्या गावाक एकाक असाच झाला व्हता. तेका गोठ्यात ठेयलो, मरापर्यंत."

"आमका चाळीतून भायर काढतीत, बाय," काशीबाई रडत होती. "कोणाक सांगा नको."

"याच्यावर आता औषध आहे," सुभद्रा म्हणाली. "तीन गोळ्या एकदम सुरू करतात. पहिला डोस पोटात गेला की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही. वळलेली बोटं कदाचित सरळ होणार नाहीत, पण बाकीचा हात वाचेल. मी वाचवणार आहे. खपल्याही जातील. तुम्ही एक दिवस जरी चुकलात तरी मी येऊन कडी वाजवीन. जोरात वाजवीन."

विठोबा हसला नाही, पण त्याने मान हलवली.

"आणि तुमचं नाव सभेत घेणार नाही," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की चंपाला आणि विठोबाला एकाच वेळी कसं वाचवायचं, याचं उत्तर तिच्याजवळ नाही.

७

चौकात तीस-चाळीस माणसं जमली होती. सीतारामची सून शांता हॉस्पिटलातून तासाभरासाठी आली होती. पोराची सूज उतरू लागली होती, पण तिचा चेहरा अजून पांढराफटक होता. चंपा जिन्यापाशी मोडक्या पाटीवर हात ठेवून उभी होती.

सुभद्राने सरळ सुरुवात केली. खरूज मासळीतून आली नाही, दुपट्यांतून आली. चंपाने ती कुणाच्या तरी उपयोगाला म्हणून नेऊन दिली, तिला स्वतःला रोग नाही. जिथे दुपटी शिवली गेली तिथला एक माणूस सिस्टरने तीन फेऱ्यांत तपासलाच नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "त्या माणसाचं औषध आजपासून सुरू होईल. चंपाचा काही दोष नाही."

कुजबुज सुरू झाली. शांताने एकदम तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली.

"कोण माणूस?" सीतारामने विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

"मग विश्वास कसा ठेवायचा? तुम्हाला हिची दया येते म्हणून तुम्ही काहीही सांगाल. नाव सांगा, सिस्टर. नाहीतर बंदी कायम."

सुभद्राने चंपाकडे पाहिलं. चंपाला नाव ठाऊक होतं. एक शब्द उच्चारला असता तर तिची फेरी तिला परत मिळाली असती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान हलवली. नाही. सुभद्राला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

"बंदी," सीताराम म्हणाला.

"सीताराम, थांब रे."

आवाज जिन्यावरून आला. विठोबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. तीन वर्षांत त्याला दिवसाउजेडी कुणी पाहिलं नव्हतं. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते. अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा होता. त्याने हात झाकले नव्हते.

"चंपान कायएक करूक नाय," तो शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाला. "खरूज माझ्या अंगावरची. आणि महारोग पण आसा. सगळ्यांनी नीट बगून घ्या."

लोक मागे सरले. एका बाईने मुलाला ओढून पाठीशी घातलं. चौकाच्या मध्ये बरीच जागा रिकामी झाली आणि त्या जागेत सीताराम एकटाच उरला. दोघांनी बावीस वर्षं शेजारशेजारच्या मागांवर काम केलं होतं. सीतारामच्या मुठी वळल्या होत्या. त्याच्या नातवाला मरणाच्या दारात नेणारा माणूस सापडला होता.

"तीन वर्षं," सीताराम म्हणाला. आवाज फाटला. "तीन वर्षं तुझ्या दारावरून पाय न वाजवता गेलो रे मी. झोपला असशील म्हणून. एकदा हाक नाही मारता आली तुला?"

सीतारामने डोळे पुसले, ओट्यावरची खुर्ची उचलली आणि त्याच्याजवळ नेऊन ठेवली.

"बस."

अजून कुणी जवळ आलं नाही, पण कुणी ओरडलंही नाही. शांता मात्र वर न बघता हॉस्पिटलात निघून गेली. तिला आज कुणाला माफ करायचं नव्हतं, आणि सुभद्राला त्यात काही गैर वाटलं नाही. संशय होता म्हणून दवाखान्यातून आणलेल्या पहिल्या गोळ्या तिने विठोबाच्या हातावर ठेवल्या. काशीबाईने पाणी आणलं. सगळ्या चाळीदेखत त्याने त्या गिळल्या.

"चंपा," सीताराम तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाटी मी नवीन आणून देतो. उद्यापासून ये."

"उद्या नाय येनार," चंपा म्हणाली.

"अगं, चुकलं म्हणतोय ना मी?"

"उद्या वाटलेली दुपटी गोला करनार. ते परवा बोलू. परवा येईन तवा दोन गोष्टी ऐकवनारच हाय तुला." ती सुभद्राकडे वळली. "सिस्टर, तुज्या नकाशात किती टाचन्या हायत?"

"नऊ."

चंपाने पुटपुटत बोटांवर मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि तिचा चेहरा उतरला. "मी अकरा दुपटी दिलीत. एक नायगावात, दोन नंबरच्या बिल्डिंगमदी. आनि एक ह्याच मंगलवारी, गिरगावात. माज्या मावसभैनीच्या नातीला." "आठ दिसांची हाय ती पोर."

सुभद्राने पिशवीत पाहिलं. लोशनच्या चार बाटल्या उरल्या होत्या. तान्ह्या मुलासाठी ते पाणी घालून पातळ करावं लागणार होतं.

"घर दाखवशील?" तिने विचारलं.

"चल," चंपा म्हणाली, आणि पदर खोचून तीच पुढे निघाली.